आयर्न मॅनचे हेल्मेट आणि आतले डोके

चित्रपटातील अतिमानवी नायकाचे हेल्मेट घरी बनवू पाहणाऱ्या हौशी कारागिराने एक गोष्ट आधी लक्षात घेणे आवश्यक असते, ती म्हणजे पडद्यावर जे हेल्मेट दिसते ते पुष्कळदा कोणाच्याही डोक्यावर नसतेच. मार्व्हल कॉमिक्सच्या आयर्न मॅनचे लाल-सोनेरी हेल्मेट हे याचे ठळक उदाहरण आहे. जॉन फॅवरो यांनी दिग्दर्शित केलेल्या २००८ च्या ‘आयर्न मॅन’ या चित्रपटासाठी स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने अंगावर चढवता येणारे चिलखत तयार केले होते. परंतु अनेक दृश्यांत त्याची जागा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने संगणकावर घडवलेल्या चिलखताने घेतली, आणि हेल्मेटच्या आत दिसणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा चेहरा वेगळा चित्रित करून त्याभोवतीची प्रकाशमान अक्षरे व आकृत्या मागाहून जोडण्यात आल्या. नीट दिसणे, श्वास घेणे, मान वळवणे, हेल्मेट चढवणे आणि उतरवणे हे प्रश्न चित्रपटाला अशा रीतीने बाजूला ठेवता आले. घरच्या कारागिराला ती सोय नसते, आणि म्हणूनच त्याच्या कामाची कसोटी हेल्मेट किती हुबेहूब दिसते यापेक्षा त्यात जिवंत माणसाचे डोके किती वेळ सुखाने राहते यावर ठरते.

आयर्न मॅन हे पात्र ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या कॉमिक्स मासिकाच्या मार्च १९६३ च्या ३९व्या अंकात प्रथम अवतरले, तेव्हा त्याचे चिलखत करड्या रंगाचे आणि बोजड होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या ४८व्या अंकात चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला लाल-सोनेरी रूप दिले. चित्रपटातील चिलखताच्या घडणीत चित्रकार एडी ग्रॅनोव्ह यांच्या आरेखनांचा मोठा वाटा होता, आणि गुळगुळीत फुगीर पत्रे, त्यांच्यामधल्या बारीक सांध्यांच्या रेषा व डोळ्यांच्या जागी अरुंद उजळ फटी ही आज ओळखीची झालेली ठेवण त्यातूनच रूढ झाली. कारागिराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मूळचे नळकांड्यासारखे हेल्मेट पुठ्ठा गुंडाळूनही साधता येते, तर चित्रपटातील हेल्मेटचा जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी वळलेला असतो.

काल्पनिक पात्राचा वेश स्वतः तयार करून तो मेळाव्यात मिरवण्याच्या छंदाला आज ‘कॉस्प्ले’ म्हणतात. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकालीन पोशाखात आले होते आणि ते पोशाख डग्लस यांनी शिवलेले होते, तेथपर्यंत या छंदाचा इतिहास मागे नेता येतो. भारतात २०११ पासून भरू लागलेल्या कॉमिक कॉन मेळाव्यांमुळे त्याला मुंबईसह अनेक शहरांत हक्काचे व्यासपीठ मिळाले.

सपाट कागद किंवा पत्रा न ताणता, न फाडता गोलाकार डोक्यावर चपखल बसवता येत नाही, हे गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या वक्रपृष्ठांच्या सिद्धान्तातून निघणारे सत्य हेल्मेटच्या पहिल्याच टप्प्यावर आडवे येते. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय गोलाईचे लहान लहान सपाट त्रिकोण-चौकोन करून ते कडांनी जोडण्याचा असून, जपानच्या तामा सॉफ्टवेअर या कंपनीची ‘पेपाकुरा’ ही संगणक-प्रणाली हेच काम करते. ती त्रिमितीय आकृती उलगडून कापण्याजोगे सपाट नमुने छापून देते. दुसरा उपाय ताणला जाणारा पदार्थ निवडण्याचा आहे, आणि येथे ईव्हीए, म्हणजेच एथिलीन व्हिनाइल असिटेट, या प्लॅस्टिकचा फोम उपयोगी पडतो. चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडून अंथरायच्या रंगीत चौकटी याच फोमच्या असतात, त्यामुळे त्याच्या शीट पादत्राणांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांतही मिळतात. हा पदार्थ उष्णतेने मऊ होतो व थंड होताना दिलेला आकार धरून ठेवतो. म्हणून गरम हवेचा झोत सोडणाऱ्या हीट गनने तो तापवून वाटीसारखा खोलगट करता येतो, आणि जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे ब्लाऊजला शिंपी जसे टक्स घालतो तशी पाचर कापून तिच्या कडा जुळवता येतात.

पूर्वी अनेक जण कागदी सांगाड्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंचे कापड चढवून कठीण कवच करीत असत. ते टिकाऊ होते, परंतु रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ घातक असल्यामुळे सदनिकेच्या बंद खोलीत हा मार्ग योग्य नाही. अलीकडे थ्रीडी प्रिंटरने हेल्मेट छापून घेणारेही पुष्कळ आहेत. त्यात आकार अचूक येतो. मात्र पीएलए हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे असे हेल्मेट मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवल्यास वाकडे होण्याचा धोका असतो. पहिल्या प्रयत्नासाठी हलका, लवचिक आणि चूक दुरुस्त करू देणारा ईव्हीए फोमच सोयीचा ठरतो.

नमुना छापण्यापूर्वी भुवयांच्या वरून डोक्याचा घेर, हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची, कानांपाशी रुंदी आणि नाकाच्या शेंड्यापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंतची खोली अशी चार मापे घ्यावी लागतात, आणि चष्मा वापरणाऱ्याने ती चष्म्यासह घ्यावी लागतात. या टप्प्यावर फोमची जाडी बहुधा हिशेबात धरली जात नाही. नमुना हेल्मेटच्या बाह्य पृष्ठभागाचा असेल आणि फोम ६ मिलिमीटर जाडीचा असेल, तर आतला व्यास १२ मिलिमीटरने आणि घेर जवळजवळ ३.८ सेंटीमीटरने कमी होतो; कागदावर बरोबर वाटलेले हेल्मेट कानांपाशी अडते ते यामुळे. उलट, सावधगिरी म्हणून संपूर्ण आकृती ५ टक्क्यांनी वाढवली, तर आकारमान सुमारे १६ टक्क्यांनी वाढते आणि खांद्यांच्या मानाने डोके थोराड दिसू लागते. म्हणून फोमला हात लावण्यापूर्वी साध्या कागदाचे संपूर्ण हेल्मेट जोडून ते आरशासमोर घालून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

कागदी नमुना पसंत पडला की तो फोमवर आखून धारदार कटरने कापतात. पाते बोथट झाल्यास कड फाटते आणि सांधा उघडा दिसतो, म्हणून पाते वारंवार बदलावे लागते. जेथे दोन तुकडे कोनात भेटायचे असतात तेथे कड तिरपी कापावी लागते. जोडण्यासाठी चर्मकार आणि सुतार वापरतात तो रबरयुक्त कॉन्टॅक्ट गोंद उत्तम, कारण तो दोन्ही कडांना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू दिल्यावर कडा एकमेकींना टेकताच पक्का धरतो. नंतर तुकडा सरकवण्याची मुभा मिळत नसल्यामुळे मध्यरेषेपासून सुरुवात करून डावी-उजवी बाजू आळीपाळीने जोडावी लागते, अन्यथा चेहरा एका बाजूला झुकतो.

आयर्न मॅनचे हेल्मेट मानेपाशी निमुळते होत असल्यामुळे ते अखंड केल्यास डोके आत शिरतच नाही, हा चित्रपटाने टाळलेला आणखी एक प्रश्न आहे. त्यासाठी मागचा भाग बिजागरीवर उघडणारा करतात किंवा जबड्याचा भाग वेगळा करून तो नियोडिमियमच्या छोट्या, शक्तिशाली चुंबकांनी बसवतात. मुखपट्टा आपोआप वर उचलला जावा अशी इच्छा असल्यास सर्वो मोटर लागते. ही मोटर नियंत्रकाकडून सेकंदाला सुमारे ५० वेळा येणाऱ्या विद्युत स्पंदनांची लांबी ओळखते आणि त्यानुसार ठरावीक कोनात फिरून थांबते. हे स्पंदन बहुधा १ ते २ मिलिसेकंदांचे असते. येथे मोटरच्या ताकदीपेक्षा मुखपट्टा हलका असणे अधिक मोलाचे असते, आणि वीज गेली तरी तो हाताने उघडता आलाच पाहिजे.

डोळ्यांच्या उजळ फटी ही या हेल्मेटची ओळख असली, तरी त्याच फटींतून पाहायचे असल्यामुळे दिवा बसवताना विचार करावा लागतो. आतल्या पोकळीत पसरणारा प्रकाश पाहणाऱ्याचेच डोळे दिपवतो. म्हणून एलईडी फटीच्या वरच्या कडेला, प्रकाश बाहेर जाईल अशा रीतीने, अर्धपारदर्शक पट्टीमागे बसवतात आणि खालची चिंचोळी जागा पाहण्यासाठी मोकळी ठेवतात. एलईडीला मर्यादित प्रवाह मिळावा यासाठी मंडलात रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारा घटक, घालावा लागतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येकी सुमारे ३.२ व्होल्ट घेणारे दोन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडले, तर उरलेल्या २.६ व्होल्टसाठी २० मिलिअँपिअर प्रवाहाला १३० ओहमचा अडथळा लागतो आणि बाजारात सहज मिळणारा १५० ओहमचा रेझिस्टर हे काम सुरक्षितपणे करतो.

धातूचा भास निर्माण करण्याचे काम रंगाचे असले तरी त्याचा पाया पृष्ठभागाच्या तयारीत असतो. हीट गन पृष्ठभागावरून भराभर फिरवली की फोमची बारीक छिद्रे मिटतात. त्यानंतर पाणी घालून पातळ केलेल्या लाकडाच्या गोंदाचे किंवा लवचिक रबरी लेपाचे अनेक थर देतात. फोम दाबला जातो, वाकतो, त्यामुळे त्यावरचा कडक रंग तडकतो, आणि हा लवचिक थर नेमका तेच थोपवतो. सोनेरी व रुपेरी रंगाखाली चकचकीत काळा हात दिल्यास चमक खोल वाटते, तर रुपेरी थरावर पारदर्शक लाल रंग चढवल्यास मोटारीच्या पत्र्यासारखी लाली येते. शेवटी कडांवर रुपेरी रंग स्पंजने अगदी हलकेच टेकवला, तर वापराने रंग उडून खालचा धातू उघडा पडल्यासारखे दिसते.

श्वासाचा विचार मात्र रंगाच्या कितीतरी आधी, कागदी नमुन्याच्या वेळीच व्हायला हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते, तर उच्छ्वासात ते ४ टक्क्यांच्या आसपास जाते. बंद हेल्मेटमध्ये तीच उष्ण, दमट हवा पुन्हा आत ओढली जाते, डोके जड होते आणि डोळ्यांपुढच्या पारदर्शक पट्टीवर बाष्प साचते. जबड्याच्या सांध्यांत लपवलेली छिद्रे आणि टाळूजवळ हवा बाहेर फेकणारा, पॉवर बँकेवर चालणारा छोटा संगणकी पंखा यांनी हा त्रास बराच कमी होतो. काम चालू असतानाही हवेची काळजी तितकीच घ्यावी लागते, कारण कॉन्टॅक्ट गोंदातील द्रावके ज्वालाग्राही असतात, म्हणून स्वयंपाकघरातील पेटत्या शेगडीजवळ तो उघडू नये. तसेच एन-९५ मुखपट्टी घासकामाची धूळ अडवत असली तरी द्रावकांची वाफ अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कार्बनच्या गाळण्या असलेला मास्क आणि उघडी खिडकी दोन्ही लागतात.

तयार झालेली वस्तू हेल्मेट म्हणवली जात असली तरी ती संरक्षण देत नाही, हे घरातील मुलांना विशेषतः स्पष्ट सांगायला हवे. भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे आणि अशा हेल्मेटमध्ये कठीण कवचाच्या आत आघात शोषणारा जाड थर्मोकोलसारखा थर असतो. फोमच्या हेल्मेटमध्ये यांपैकी काहीही नसते, उलट त्याच्या अरुंद फटींमुळे बाजूची वाहने दिसत नाहीत. मेळाव्यातही ते घालणाऱ्यासोबत पायऱ्या सांगणारा, पाणी देणारा आणि गरज पडल्यास मुखपट्टा उघडणारा एक सोबती असावा. म्हणून कामाचा क्रम डोक्याचे माप, प्रवेशाचा मार्ग, दृष्टी, हवा आणि मग शोभा असा ठेवणे शहाणपणाचे आहे. फिकट पडलेला रंग पुढच्या वर्षीही नव्याने देता येतो, परंतु मापात किंवा हवेच्या वाटेत राहिलेली चूक सुधारण्यासाठी जोडलेले हेल्मेट पुन्हा कापावे लागते.