लक्षावधी समीकरणांची जलद उकल

अँटेना असो, रडार असो वा रुग्णालयातील एमआरआय यंत्र असो. त्यातील विद्युत्-चुंबकीय क्षेत्र कोठे किती प्रबळ राहील, हे यंत्र उभारण्यापूर्वीच समजणे आवश्यक असते. आराखड्यातील दोष मागाहून आढळल्यास श्रम आणि पैसा दोन्ही वाया जातात. या क्षेत्राचे नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये मांडले. तथापि प्रत्यक्ष यंत्रांचे आकार इतके गुंतागुंतीचे असतात, की ती समीकरणे कागदावर सोडविता येत नाहीत.

अशा वेळी सांत घटक पद्धती उपयोगी पडते. तीत संपूर्ण जागेचे लहान लहान घटक पाडतात. प्रत्येक घटकाचा संबंध केवळ शेजारच्या घटकांशी येतो. मात्र त्यातून लक्षावधी एकसामयिक समीकरणे उभी राहतात. अंदाज घेऊन तो टप्प्याटप्प्याने सुधारणे, हा ती सोडविण्याचा एक मार्ग. उच्च वारंवारतेच्या लहरींच्या बाबतीत तो पुष्कळदा रेंगाळतो. दुसरा मार्ग थेट, म्हणजे शाळेत शिकविल्या जाणाऱ्या लोप पद्धतीचा. परंतु एका राशीचा लोप करताना उरलेल्या राशींमध्ये नवे संबंध निर्माण होतात आणि गणित फुगत जाते.

हे फुगणे लोपाच्या क्रमावर अवलंबून असते. अ‍ॅलन जॉर्ज यांनी १९७३ मध्ये सुचविलेला क्रम पंचायत राज्याच्या रचनेची आठवण करून देणारा आहे. गावाचे प्रश्न गावातच मिटवावेत, दोन गावांच्या शिवेवरील प्रश्न तेवढे तालुक्याकडे जावेत आणि तालुक्यांच्या सीमेवरील जिल्ह्याकडे. त्याचप्रमाणे जाळीचे भाग व उपभाग पाडून आतील राशींचा लोप आधी आणि सीमेवरील राशींचा शेवटी केला जातो. १,००० बाय १,००० बिंदूंच्या सपाट जाळीत १० लाख अज्ञात राशी असतात. सरसकट लोप केल्यास स्थूलमानाने एकावर अठरा शून्ये इतक्या क्रिया लागतात. ओळीने लोप केल्यास एकावर बारा शून्ये, तर या क्रमाने अब्जाच्या घरातील क्रिया पुरतात.

थेट पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. एकाच विमानावर अनेक दिशांनी येणाऱ्या रडार-लहरींचा विचार करताना लोपाचे मुख्य काम एकदाच करावे लागते. पुढील प्रत्येक दिशेचे उत्तर अल्प श्रमात मिळते.

त्रिमितीय आकृतींत मात्र सीमा म्हणजे रेषा नसून पृष्ठभाग असतात. त्यामुळे संगणकाची स्मृती अपुरी पडू लागते. यावर उपाय म्हणून दूरदूरच्या भागांतील परस्परसंबंध थोडक्या संख्यांत साठविले जातात. वुल्फगांग हाकबुश यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या श्रेणीबद्ध सारणींमुळे या विचाराला पद्धतशीर रूप आले.

संगणक मोठा असणे उपयुक्त खरे; परंतु कामाचा क्रम योग्य नसेल, तर मोठा संगणकही थकतो.