दाराचा रंग सुटतो, बोल मात्र डब्याला

"दोन वर्षं नाही झाली रंगवून. डबाच बोगस निघाला." दारावरचा पोपडा नखानं उचलत हे वाक्य वाशी-भूम-कळंब पट्ट्यात सर्रास बोललं जातं. बालाघाटाच्या या पठारावर फळ्यांच्या भिंती कुणाच्याच घराला नाहीत. ऊनपाऊस झेलणारं लाकूड म्हणजे दारं, चौकटी, खिडक्या, फार तर जुन्या माळवदाच्या ओसरीचे खांब. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली. ज्यांना जमलं त्यांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला, पण सागवानी दार कोण टाकून देतो? ते नव्या घराला बसलं आणि दर सणाला, लग्नाला त्यावर ऑइल पेंटचा हात फिरत राहिला.

डबा खराब असूही शकतो. तरी दुकानदाराशी भांडायच्या आधी एक पोपडा उलटा करून बघा, निम्मा निकाल तिथंच लागतो. पोपड्याच्या पाठीला लाकडाचे बारीक तंतू चिकटून आले आणि खाली उघडं लाकूड दिसलं, तर लाकडात पाणी शिरतंय किंवा रंगवण्याआधीच त्याचा पृष्ठभाग उन्हानं खराब झालेला होता. खाली जुना रंग चकचकीत, शाबूत असेल आणि फक्त वरचा थर सुटला असेल, तर रंगाऱ्यानं जुन्या थरावर पॉलिश पेपर मारलाच नव्हता. गुळगुळीत ऑइल पेंटवर नवा रंग धरत नाही, नुसता बसून राहतो. आणि बोटाला पांढरी भुकटी लागली, तर बहुतेक वेळा भिंतीची सिमेंट पुट्टी लाकडावर फासलेली असते. शिल्लक राहिलेली पुट्टी दाराला लावून संपवायची ही सवय फार महागात पडते. लाकूड दमटपणानं फुगतं, उन्हानं आकसतं; सिमेंट पुट्टी जागची हलत नाही आणि सुटते. लाकडाला लाकडाचीच लांबी भरावी, तीही भोकं आणि बारीक चिरांपुरती.

दुसरा समज याहून पक्का आहे. रंग पावसानं सुटतो, म्हणून समोरच्या बाजूला दोन हात जास्त मारा म्हणजे झालं! पाऊस समोरून झोडपतो हे खरं, पण पाणी आत शिरतं ते लाकडाच्या टोकांतून. फळी जिथं आडवी कापलेली असते तिथं तंतूंची तोंडं उघडी असतात आणि ती सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगानं पाणी ओढतात. आता दाराची खालची कड आठवा. सुतारानं दार बिजागरीला अडकवलं, मग रंगारी आला. त्यानं पुढून रंगवलं, मागून रंगवलं. खालच्या कडेला ब्रश पोचतच नाही, म्हणून ती कोरी राहिली. उंबऱ्यावर रोज सकाळी पाणी पडतं, अंगणात सडा होतो, पावसाळ्यात पागोळ्यांचे शिंतोडे उडतात, आणि ते सगळं पाणी ती कोरी कड पिते. ऊन पडलं की आतला ओलावा बाहेर यायला बघतो आणि वाटेतला रंग ढकलतो. म्हणून पोपडे बहुतेक खालच्या वीतभर भागात आणि चौकटीच्या पायाशी आधी दिसतात. त्या दोन ठिकाणी रंग गेला असेल आणि वरचा भाग ठणठणीत असेल, तर डब्याला बोल लावायचं कारणच उरत नाही. दार उतरवून खालची-वरची कड घासा, प्रायमर पाजा, दोन हात रंग द्या. काम फार मोठं नाही, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

वरून थर चढवत राहण्यातही तोटाच आहे. ऑइल पेंट जसजसा जुना होतो तसतसा कडक होत जातो. लाकूड हलतं, जाड झालेला थर हलत नाही, मग त्यावर सुसरीच्या पाठीसारख्या चौकटी-चौकटी पडतात. अशा दारावर नवा हात म्हणजे पैसे पाण्यात. पण म्हणून सगळा जुना रंग खरवडलाच पाहिजे असंही नाही. शंका असेल तिथं ब्लेडनं फुलीचा छेद द्या, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यानं ओढा. पट्टी कोरी आली तर तो रंग राहू द्या, नुसता घासून घ्या. रंग पट्टीबरोबर आला तर तेवढाच भाग काढा आणि उरलेल्या रंगाची कड घासून उतरती करा.

"खरवडलंय तर उन्हाळाभर वाळू दे" हा सल्ला घरातली वडीलधारी माणसं मायेनं देतात. ओलं लाकूड वाळायलाच हवं. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली असावा असं धरतात. वाळवायचं मात्र सावलीत, हवेशीर जागी. उघडं लाकूड उन्हात राहिलं की काही आठवड्यांतच त्याचा वरचा पापुद्रा कमकुवत होतो, कारण तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन ऊन खाऊन टाकतं. नंतर रंग चिकटतो तो या मेलेल्या पापुद्र्याला, आणि त्याच्यासकट गळतो. अमेरिकेत अख्खी घरं फळ्यांनी मढवलेली असतात, त्यामुळे या गोष्टीचा कसून अभ्यासही तिकडेच झाला. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१० पासून लाकडाची सरकारी प्रयोगशाळा आहे. लाकूड उघडं केल्यावर लवकरात लवकर, दोनेक आठवड्यांच्या आत प्रायमर मारा, असं तिथले संशोधक सांगतात. लाकूड करडं पडलंच असेल तर खालचं ताजं लाकूड दिसेपर्यंत घासा आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मुरला तर प्रायमर धरेल. मोत्यासारखा वर राहिला तर लाकडावर तेलकटपणा आहे.

इथं जळक्या ऑइलचा उल्लेख केलाच पाहिजे. वाळवी लागू नये म्हणून ट्रॅक्टरचं जुनं ऑइल चौकटीला चोपडतात. त्यावर कुठल्याही कंपनीचा रंग बसत नाही. सागवानाचं स्वतःचं तेलही त्रास देतं, पण ते थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच प्रायमर मारला की भागतं. आणि बाहेर ऑइल पेंटच टिकतो, पाण्यातला रंग म्हणजे कच्चा, हेही आता खरं राहिलेलं नाही. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे चांगले अॅक्रिलिक रंग लाकडाबरोबर ताणले जातात आणि आतल्या वाफेला थोडीफार वाट देतात. जुन्या ऑइल पेंटवर मात्र ते घासल्याशिवाय लावू नयेत.

खरवडताना कोरडं घासणं आणि स्टोव्हच्या ज्योतीनं रंग जाळणं, दोन्ही बंद करा. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, केशरी, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बाईला घातक असते, आणि पोपडे अंगणात झाडून टाकले तर तिथंच पोरं खेळतात, कोंबड्या टोचतात. पृष्ठभाग ओला करून घासा, खाली कागद अंथरा, पोपडे पिशवीत भरून बांधा, नाकातोंडावर चांगला मास्क लावा. मुलांना काम संपून पुसापुशी होईपर्यंत शेजारी पाठवा.

राहता राहिला मुहूर्त. आपल्याकडं रंगकाम निघतं ते दसरा-दिवाळीला, नाहीतर मे महिन्यात लग्न निघालं की. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस जोराचा, परतीचा पाऊस कधी ऑक्टोबरातही गाठतो. त्या वेळी लाकूड पाणी पिऊन फुगलेलंच असतं आणि आपण त्यावर झाकण घालतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार, भर उन्हात रंगाची वरची साय लगेच वाळते आणि आतल्या द्रावकाची वाफ होऊन फोड येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव वाळल्यावर, दारावर ऊन नसताना, हा आपल्या भागातला रंगाचा खरा काळ. तेव्हा दसऱ्याला दार पुसून तोरण बांधा, आणि डबा डिसेंबरात आणा.