दोन डिस्चार्जच्या मधले दिवस

दीर्घकालीन आजार असलेले मूल वर्षातले किती दिवस रुग्णालयात असते? समजा, सिकलसेलचा त्रास असलेल्या एका मुलीला वर्षभरात तीनदा दाखल करावे लागले आणि दर वेळी पाच दिवस ठेवावे लागले, तर ते झाले पंधरा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस ती घरी, शाळेत किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात असते. आजार तेव्हाही तिच्यासोबतच असतो. त्या पंधरा दिवसांत तिच्याभोवती डॉक्टर असतात, परिचारिका असतात, औषधे वेळेवर मिळतात. साडेतीनशे दिवसांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र बहुतेक वेळा ठरलेलेच नसते.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टाइप १ मधुमेह, अपस्मार, नेफ्रॉटिक सिंड्रोम, तीव्र दमा या सगळ्याच आजारांत हा प्रश्न येतो. इथे सिकलसेलचे उदाहरण घेऊ. कारण हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपासून नंदुरबारपर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यात आढळतो आणि रुग्णालय व घर यांच्यातला धागा तुटला की काय होते, ते त्यात स्पष्ट दिसते.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. या आजारात हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. एरवी १२० दिवस जगणारी लाल पेशी अशा मुलांत जेमतेम १० ते २० दिवस टिकते, म्हणून रक्त कमी राहते. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. ताप, थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांमुळे हा त्रास उफाळतो.

रक्त कमी, म्हणजे किती कमी?

अशा मुलांचे हिमोग्लोबिन एरवीही सात, आठ किंवा नऊच्या आसपास असते. शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते. मूल मोठ्या रुग्णालयातून सुटले आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कारणासाठी जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे हिमोग्लोबिन आठ दिसले. त्या डॉक्टरांना हे मुलाचे ‘नेहमीचे’ हिमोग्लोबिन आहे, हे ठाऊक नसेल तर काय होईल? लोहाच्या गोळ्या दिल्या जातील किंवा रक्त चढवण्याचा सल्ला मिळेल. या मुलांमध्ये लोहाची कमतरता आहे का, हे तपासल्याशिवाय लोह देणे योग्य नसते. विनाकारण वारंवार रक्त दिल्यास शरीरात लोह साठते. शिवाय, रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे जुळणारे रक्त मिळणे कठीण होते.

उलटही घडते. नेहमी नऊ असणारे हिमोग्लोबिन अचानक सहावर आले, तर ती धोक्याची घंटा असते. पण नऊ हा आकडा कुठे लिहिलेलाच नसेल, तर ‘सिकलसेलच्या मुलांचे रक्त कमीच असते’ असे म्हणून मुलाला घरी पाठवले जाऊ शकते. एका आकड्याची नोंद असणे-नसणे इतका फरक पाडते.

ताप आणि पानथरी

सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पानथरी, लहानपणीच निकामी होऊ लागते. जंतुसंसर्ग रोखण्यात तिचा मोठा वाटा असतो. त्यामुळे न्युमोकोकससारख्या जिवाणूंचा संसर्ग या मुलांत काही तासांत जिवावर बेतू शकतो. इतर मुलांना ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन एक-दोन दिवस वाट पाहिली जाते. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच दिवशी, लगेच रुग्णालयात नेले पाहिजे. हे आईला, आशाताईंना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि गावातल्या डॉक्टरांनाही माहीत हवे. यांतल्या एकालाही माहीत नसेल, तर मूल नेमके त्याच्याच हाती असताना ताप येऊ शकतो.

हा धोका टाळण्याचा उपाय साधा आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यावर गंभीर न्युमोकोकल संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका ठळक होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला. आज बाळ दोन-तीन महिन्यांचे असल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत पेनिसिलिन द्यावे, असे सांगितले जाते. पण ही गोळी रुग्णालयात द्यायची नसते. ती रोज सकाळ-संध्याकाळ, पाच वर्षे, घरी द्यायची असते. गावात साठा संपला तर कोणाला सांगायचे, हे ठरलेले नसेल तर डिस्चार्ज कार्डावरचे ‘पेनिसिलिन सुरू ठेवा’ हे वाक्य कागदावरच राहते.

पानथरीचा आणखी एक धोका असतो. कधी कधी तिच्यात अचानक रक्त साठते, ती फुगते आणि मूल काही तासांत पांढरेफटक पडते. जमैकामध्ये डॉक्टरांनी मातांना डाव्या बरगडीखाली हात ठेवून पानथरी कशी तपासायची, हे शिकवले. पानथरी हाताला लागली की त्या मूल घेऊन तडक रुग्णालयात येऊ लागल्या. अशा प्रसंगांत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे एक दशांशावर आल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. इथे नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. रुग्णालयाने आपल्या कामाचा एक भाग आईच्या हाती सोपवला आणि तिला तो नीट शिकवला, इतकेच.

औषध सुरू कोणी करायचे, थांबवायचे कोणी?

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके आणि दाखल व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात. मात्र ते रोज घ्यावे लागते आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. मूल बरे दिसू लागले की ‘आता कशाला?’ म्हणून अनेक घरांत ते बंद होते. शिवाय या औषधामुळे पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक अंतराने रक्ततपासणी लागते. पेशी कमी दिसल्या तर औषध काही दिवस थांबवतात, मग पुन्हा सुरू करतात.

खरी अडचण इथेच येते. औषध सुरू केले वैद्यकीय महाविद्यालयाने, तपासणी झाली ग्रामीण रुग्णालयात, औषध थांबवायला सांगितले तिसऱ्याच डॉक्टरांनी. पुन्हा सुरू करायचा निर्णय कोण घेणार? प्रत्येकाला वाटते की तो दुसऱ्याचा अधिकार आहे. सहा महिन्यांनी मूल वेदनेने विव्हळत पुन्हा दाखल होते, तेव्हा कळते की औषध कधीचेच बंद आहे.

ह्यूस्टनमधील अभ्यास

मुलाच्या आजाराची सगळी माहिती एका ठिकाणी असावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्येच तिला ‘मेडिकल होम’ असे नाव दिले. याचा अर्थ वेगळी इमारत असा नाही. मुलाला ओळखणारे, त्याची नोंद ठेवणारे आणि इतर डॉक्टरांशी बोलणारे एक ठरलेले ठिकाण, असा आहे.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथे ही कल्पना नीट तपासली गेली. गंभीर दीर्घकालीन आजार असलेल्या २०१ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला एकच दवाखाना आणि ओळखीचे डॉक्टर मिळाले. ते चोवीस तास फोनवर उपलब्ध होते आणि गरज पडली तर मुलाला त्याच दिवशी तपासत. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर आजारपणाचे प्रमाण नेहमीच्या गटात वर्षाला शंभर मुलांमागे २२, तर दुसऱ्या गटात १० होते. मुलामागे वर्षाचा खर्चही सुमारे २६,८०० डॉलरवरून १६,५०० डॉलरवर आला. पुढे याच डॉक्टरांनी आणखी एक पाऊल टाकले. मूल दाखल झाले की वॉर्डातल्या डॉक्टरांनी ओपीडीतल्या ओळखीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, अशी सोय केली. त्यातूनही रुग्णालयातले दिवस कमी होत असल्याचे दिसले.

ह्यूस्टनइतका पैसा आणि मनुष्यबळ आपल्या ग्रामीण भागात नाही. पण त्या प्रयोगाचा गाभा यंत्रांत नव्हता. ‘फोन कोणाला करायचा’ याचे उत्तर प्रत्येक आईकडे होते, हा तो गाभा.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

आपल्याकडे कड्या बऱ्याच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर केंद्रे आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ चे लक्ष्य ठेवून सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्यात ठरले आहे. गावात आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत.

या कड्या एकमेकींत गुंतवणारा हात कमी पडतो. तपासणी होते, कार्ड मिळते. पण मूल रुग्णालयातून सुटल्याची खबर उपकेंद्राला आपोआप मिळत नाही. मुलाने पुढची तारीख चुकवली, हे रुग्णालयातही कोणाच्या लक्षात येत नाही. वयाचा उंबरठाही आडवा येतो. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग १२ वर्षांपर्यंतच असतो. तेरावे लागलेले मूल अचानक मोठ्यांच्या वॉर्डात जाते. तिथे त्याला कोणी ओळखत नसते आणि जुने केस पेपर दुसऱ्याच विभागात पडलेले असतात. मूल दहा वर्षांचे झाल्यापासूनच त्याला आपला आजार, औषधे आणि धोक्याची लक्षणे स्वतः सांगायला शिकवले, तर हा बदल सोपा जातो.

घरी जाण्यापूर्वी विचारा

व्यवस्था बदलायला वेळ लागेल. पालकांनी डिस्चार्जच्या दिवशी पाच गोष्टी एका पानावर मराठीत लिहून मागाव्यात. कोणत्याही दीर्घकालीन आजारात त्या उपयोगी पडतात.

१. आजाराचे नाव आणि मुलाचे ‘नेहमीचे’ आकडे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन आणि पानथरीचा आकार.

२. रोजची औषधे, मात्रा, ती कुठे मिळतील आणि कोणाला विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत.

३. कोणती लक्षणे दिसल्यावर वाट न पाहता निघायचे. सिकलसेलमध्ये ताप, धाप लागणे, छातीत दुखणे, अचानक फिकटपणा, पोट फुगणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलताना अडखळणे.

४. पुढची तपासणी कधी, कुठे आणि राहिलेल्या लसी कोणत्या.

५. रात्री-अपरात्री फोन करण्यासाठी एक नाव आणि एक क्रमांक.

या पानाची एक प्रत घरी, एक आशाताईंकडे आणि एक शाळेत द्यावी. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, लघवीला जाऊ देणे, भर उन्हात पळायची सक्ती न करणे, एवढे शिक्षकांनी सांभाळले तरी काही झटके टळतात. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्राबद्दल आणि एसटी प्रवासाच्या सवलतीबद्दल जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दर महिन्याच्या फेरीचे भाडे परवडत नाही म्हणून तपासणी चुकणारी घरे कमी नाहीत.

डॉक्टरांसाठीही एक काम आहे. मूल सुटते त्या दिवशी त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक फोन करावा. त्या दोन मिनिटांत पुढच्या साडेतीनशे दिवसांची सुरुवात होते.