पठाराने राखलेला देश

आफ्रिकेच्या पूर्वेला, तांबड्या समुद्राच्या किनारपट्टीमागे काळ्या कातळाचे एक प्रचंड पठार उभे आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून ते बनले. दख्खनचे पठारही याच रीतीने, पण त्याच्या कितीतरी आधी घडले. सपाट माथ्याचे ताशीव डोंगर आणि नद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्या हे इथिओपियाचे रूप. या पठाराने देशाला परक्यांपासून राखले. त्याच्याच दऱ्यांनी आतल्या माणसांना एकमेकांपासून दूरही ठेवले.

पठार चिरत जाणाऱ्या खचदरीत मानवाच्या पूर्वजांच्या खुणा विपुल सापडतात. अफार प्रदेशातील हदार येथे १९७४ मध्ये सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मादीचा सांगाडा मिळाला. जगाला ती ‘लूसी’ म्हणून ठाऊक आहे. इथिओपियात तिला ‘डिंकनेश’, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’, असे म्हणतात. जवळच्याच गोना येथील दगडी हत्यारे सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. दक्षिणेला ओमो नदीच्या खोऱ्यात सापडलेले आधुनिक मानवाचे अवशेष दोन लाख वर्षांहून जुने मानले जातात. पुढे शेती आली तीही इथल्या मातीतली पिके घेऊन. ‘टेफ’ हे बारीक दाण्याचे धान्य इथलेच, आणि कॉफीचे झाडही याच देशाच्या रानातले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून उत्तरेकडील अक्सुमचे राज्य पुढे आले. अदुलिस हे त्याचे बंदर आज एरिट्रियात आहे. तेथून हस्तिदंत बाहेर जाई आणि पश्चिम भारतातून लोखंड, पोलाद व सुती कापड येई. अक्सुमच्या राजांनी सोन्याची नाणी पाडली आणि एकसंध दगडांचे उंच स्तंभ उभारले. त्यांतला सर्वांत मोठा, सुमारे ३३ मीटरांचा, आज आडवा पडलेला आहे. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्याच्या नाण्यांवरील चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. इथली गीझ लिपी देवनागरीप्रमाणेच व्यंजनाला स्वराची खूण जोडून लिहितात. सातव्या शतकाच्या आरंभी मक्केत छळ होऊ लागला, तेव्हा महंमद पैगंबरांच्या काही अनुयायांना अक्सुमच्या राजानेच आश्रय दिला. पुढे तांबड्या समुद्रावर अरबांचे वर्चस्व बसले, व्यापार आटला आणि राज्याचे केंद्र समुद्रापासून आत, दक्षिणेकडच्या डोंगरांत सरकले.

तिथे झाग्वे घराणे उदयाला आले. त्यातील लालिबेला राजाचे नाव ११ कोरीव चर्चना चिकटले आहे. वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणे तीही कातळात वरून खाली खोदत नेलेली आहेत. १२७० मध्ये येकुनो अमलाक याने सत्ता घेतली. आपला वंश सॉलोमन राजा आणि शेबाची राणी यांच्यापासून चालत आल्याचा दावा त्याच्या घराण्याने केला आणि १९७४ पर्यंत राजसत्तेला तोच आधार राहिला.

पूर्वेकडच्या सखल भागात मुस्लिम सल्तनती होत्या. त्यांपैकी अदलचा सेनानी अहमद, ज्याला ‘ग्राञ’ म्हणजे डावखुरा म्हणत, त्याने १५२९ नंतर बहुतेक पठार जिंकले. १५४१ मध्ये गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज आरमारातून वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाँ सुमारे ४०० बंदूकधारी घेऊन सम्राटाच्या मदतीला उतरला. तो पकडला जाऊन मारला गेला. पण १५४३ च्या लढाईत अहमदही पडला. दोन्ही बाजू खचल्या आणि दक्षिणेकडून ओरोमो लोक पठारावर पसरले. या काळात असंख्य माणसे गुलाम म्हणून समुद्रापार विकली गेली. अरबी ‘हबश’ म्हणजे हाच देश, आणि मराठीतला ‘हबशी’ शब्द त्यावरूनच आला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा अशाच विकल्या गेलेल्यांपैकी एक. त्याने वसवलेल्या खडकीचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले.

सतराव्या शतकात फासिलिदेस सम्राटाने पोर्तुगीजांमागून आलेल्या जेझुइट पाद्र्यांना हाकलले आणि गोंदर येथे राजधानी वसवली. १७६९ पासून मात्र सम्राट नावापुरता उरला. प्रत्येक खोऱ्यात वेगळा सरदार राज्य करू लागला. १८५५ मध्ये तेवोद्रोस दुसरा याने हे मोडून देश पुन्हा एका छत्राखाली आणला. पण त्याने ब्रिटिश वकिलाला व इतर युरोपियनांना कैदेत टाकले. तेव्हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर १३,००० सैनिक आणि हिंदुस्थानातले हत्ती घेऊन मगदलाच्या गडावर चालून गेला. एप्रिल १८६८ मध्ये गड पडला आणि तेवोद्रोसने आत्महत्या केली.

आफ्रिकेची युरोपीय वाटणी चालू असताना मेनेलिक दुसरा गादीवर आला. इटलीशी झालेल्या १८८९ च्या वुचाले तहाच्या इटालियन प्रतीनुसार इथिओपियाला परराष्ट्र व्यवहार इटलीमार्फतच करणे बंधनकारक होते. अम्हारिक प्रतीत तसे बंधन नव्हते. या फरकावरून युद्ध पेटले. १ मार्च १८९६ रोजी अदवाच्या डोंगरांत इटलीचा दारुण पराभव झाला. ‘अदिस अबाबा’, म्हणजे ‘नवे फूल’, ही राजधानीही मेनेलिकच्याच काळातली. मात्र याच मेनेलिकने दक्षिणेकडचे ओरोमो आणि इतर समाज तलवारीच्या बळावर राज्यात आणले आणि त्यांच्या जमिनी उत्तरेकडच्या सरदारांना वाटल्या. आजच्या अनेक तंट्यांचे मूळ त्यात आहे.

१९३५ मध्ये मुसोलिनीने विषारी वायू वापरून पुन्हा आक्रमण केले. सम्राट हैले सेलासी यांनी १९३६ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे दाद मागितली, पण ती वाया गेली. पाच वर्षांच्या ताब्यानंतर १९४१ मध्ये ब्रिटिश, भारतीय आणि स्थानिक सैनिकांनी देश सोडवला. १९६३ मध्ये आफ्रिकी एकता संघटना अदिस अबाबात स्थापन झाली. पण १९७३ च्या वोल्लो प्रांतातील दुष्काळाने राजसत्तेची अनास्था उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी लष्कराने सम्राटांना पदच्युत केले.

‘डर्ग’ या लष्करी राजवटीने जमीन सरकारजमा केली आणि विरोधकांची कत्तल केली. १९८४-८५ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यात बंडखोरांशी चाललेल्या युद्धाचा वाटा पावसाच्या अभावापेक्षा कमी नव्हता. १९९१ मध्ये बंडखोरांनी ही राजवट उलथली. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. १९९५ च्या राज्यघटनेने भाषिक-वांशिक समाजांवर आधारलेली राज्ये निर्माण केली आणि त्यांना फुटून निघण्याचा हक्कही दिला. स्वतंत्र झाल्यावर वैरी बनलेल्या एरिट्रियाशी समेट केल्याबद्दल पंतप्रधान अबी अहमद यांना २०१९ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी तिग्राय प्रांतात सुरू झालेले युद्ध २०२२ पर्यंत चालले.

इजिप्तला मिळणाऱ्या नाईलच्या पाण्यातला बहुतांश वाटा या पठाराचा आहे. निळ्या नाईलवर मुख्यतः देशातल्याच पैशातून बांधलेल्या महाधरणाचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. पाण्याच्या वाटपावरून इजिप्त आणि इथिओपिया यांच्यातला वाद मात्र अजून मिटलेला नाही.