रस्त्याची कडा कोणाची?
सायकलमार्गांवरील वाद आणि विहारमार्गांची सुरक्षितता

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकलमार्ग काढून टाकून ती जागा मोटारींसाठी खुली करण्याचा निर्णय मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 2025 साली जाहीर केला. हे मार्ग सुमारे दीड दशकापूर्वी याच प्राधिकरणाने बांधले होते. वाहनांची कोंडी वाढली आहे, सायकलस्वार मात्र तुरळक दिसतात, मग एवढी जागा अडवून का ठेवावी, असा प्रशासनाचा युक्तिवाद आहे. मार्ग ओस पडले, कारण त्यांवर गाड्या उभ्या राहू दिल्या गेल्या आणि ते निवासी वस्त्यांना व स्थानकांना कधी सलग जोडलेच गेले नाहीत, असे सायकलप्रेमींचे उत्तर आहे.

हा वाद केवळ मुंबईचा नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये एक कायदा संमत करून घेतला. मोटारींची मार्गिका कमी करून सायकलमार्ग आखायचा असेल, तर नगरपालिकेला प्रांतिक सरकारची अनुमती घेणे त्यामुळे बंधनकारक झाले. टोरांटो शहरातील ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन प्रमुख रस्त्यांवरील तयार सायकलमार्ग उखडण्याची तरतूदही त्यात होती. या कामाला सुमारे 4 कोटी 80 लाख डॉलर खर्च येईल, असा अंदाज नगर प्रशासनाने मांडला. सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली. जुलै 2025 मध्ये तेथील न्यायालयाने सायकलमार्ग हटविण्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. मार्ग काढल्याने कोंडी सुटेल असे पुराव्यांतून दिसत नाही, उलट नागरिकांच्या जीविताचा धोका वाढतो, असा त्या निकालाचा आशय होता. सरकारने त्यावर अपिलाचा मार्ग धरला.

व्यापारी वर्गाला या वादात विशेष रस असणे स्वाभाविक आहे. दुकानापुढे गाडी उभी करण्याची सोय गेली की गिऱ्हाईक तुटते, अशी भीती प्रत्येक बाजारपेठेत व्यक्त होते आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. माल उतरविण्यास जागा लागते. धान्याची पोती किंवा सिमेंटच्या गोण्या सायकलवरून नेता येत नाहीत. तथापि टोरांटोच्या ब्लूर रस्त्यावरील एका बाजारपेठेची 2009 साली पाहणी झाली, तेव्हा मोटारीने येणारे ग्राहक जेमतेम 10 टक्के निघाले. बाकीचे पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने येत होते. दुकानदारांचा अंदाज मात्र याहून बराच अधिक होता. दारापुढे उभी असलेली एक मोटार डोळ्यांत भरते. पायी येऊन माल घेऊन गेलेली दहा माणसे तेवढी लक्षात राहत नाहीत. गल्ल्यातील नफा-तोटा मांडताना ही चूक कोणत्याही गावच्या व्यापाऱ्याकडून होऊ शकते.

पुण्याचा अनुभवही बोलका आहे. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून सायकलमार्ग बांधले गेले. पुढे डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. परंतु अनेक ठिकाणी मार्ग मध्येच तुटतात. कोठे विजेचा खांब, कोठे फेरीवाल्याची गाडी, तर कोठे वाहनतळ आडवा येतो. ज्या मार्गाने घरापासून इच्छित स्थळी पोहोचता येत नाही, तो मार्ग लोक वापरत नाहीत. आणि लोक वापरत नाहीत म्हणून तो अनावश्यक ठरतो. या दुष्टचक्रात पैसाही जातो आणि विश्वासही.

सर्वोच्च न्यायालयाचे 2025 मधील दोन आदेश या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देशभर स्वतंत्र सायकलमार्ग बांधण्याचे आदेश द्यावेत, ही याचिका फेब्रुवारीत न्यायालयाने फेटाळली. गरिबांच्या निवाऱ्यासाठी व शाळांसाठी निधी अपुरा असताना अशी अपेक्षा व्यवहार्य नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र पादचाऱ्यांसाठी सुस्थितीतील, अतिक्रमणमुक्त पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 नुसार जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. महागडे मार्ग सर्वत्र शक्य नसतील. परंतु चालणाऱ्याचा जीव राखणे ही ऐच्छिक बाब नव्हे, हा या दोन्हींतून निघणारा व्यवहारी बोध होय.

तो बोध जानेफळसारख्या गावाला अधिक लागू पडतो. मेहकर तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावी निराळे सायकलमार्ग नाहीत आणि नजीकच्या काळात ते होण्याची चिन्हेही नाहीत. येथे सायकलस्वाराला आणि पादचाऱ्याला मिळते ती केवळ रस्त्याची कडा. त्या कडेवरून शाळकरी मुली जातात. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील 125 मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शासन सायकली देते. पण सायकल देणारे शासन आणि रस्ता आखणारे शासन यांची गाठ क्वचितच पडते. त्याच कडेवरून पंढरपूरहून शेगावला परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी जानेफळ मुक्कामी येते. जवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पादचारी, सायकल व दुचाकी यांना प्रवेशच नाही. म्हणजे वेगासाठी स्वतंत्र रस्ता झाला. सावकाश जाणाऱ्यासाठी जुन्या रस्त्याची कडाच उरली.

जैन समाजासाठी हा प्रश्न याहूनही जिव्हाळ्याचा आहे. चातुर्मासाची सांगता होताच साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. मेहकरहून मालेगावमार्गे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाकडे जाणारा रस्ता असो वा खामगावकडे जाणारा, आजच्या काळात विहार म्हणजे भरधाव ट्रकांच्या शेजारून चालणे होय. ईर्यासमितीचे पालन करणारे साधू पुढील चार हात जमीन निरखीत पावले टाकतात, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. त्यांची दृष्टी जमिनीवर असते. मागून येणाऱ्या वाहनाचा विचार करण्याची जबाबदारी इतरांची ठरते. विहारातील अपघातांच्या वार्ता दरवर्षी समाजाला हळहळ लावून जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांत 32,825 पादचारी होते. जीवदयेसाठी पांजरापोळ चालविणाऱ्या समाजाने या आकड्याकडे निव्वळ बातमी म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

मग करावयाचे काय? रस्ता रुंदीकरणाचा प्रस्ताव येतो तेव्हा डांबरी अथवा काँक्रीट पट्ट्याच्या बाहेर सपाट, खड्डेविरहित कडपट्टी असावी, ही मागणी ग्रामसभेत ठरावरूपाने नोंदवून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठविता येते. शाळा, बाजार आणि स्थानक यांदरम्यान ती सलग असावी, हा पुण्याचा धडा त्यात आग्रहाने घालावा. विहारकाळात श्रावक-श्राविकांनी चमकदार पट्ट्यांचे अंगरखे घालून पुढे-मागे चालावे आणि पहाटेच्या धूसर उजेडात मागील स्वयंसेवकाकडे दिवा असावा, यास फारसा खर्च येत नाही. संघांनी मार्ग ठरविताना अंतर वाढले तरी कमी रहदारीचा रस्ता निवडावा.

आणखी एक गोष्ट पूर्णतः व्यापाऱ्यांच्याच हाती आहे. दुकानाची पायरी संपते तेथे रस्त्याची कडा सुरू होते. पेटी, पाटी, तराजू वा मालाची थप्पी हातभर पुढे सरकली की शाळकरी मुलीची सायकल हातभर रस्त्याच्या मध्याकडे सरकते. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण व्रत निष्काळजीपणाने होणाऱ्या हिंसेपासून दूर राहण्यास सांगते. बेसावध वर्तनाला तेथे ‘प्रमादचर्या’ असे नाव आहे. माल उतरविण्याची वेळ सकाळी शाळा भरण्यापूर्वी ठेवणे आणि पायरीबाहेरची जागा मोकळी सोडणे, हे त्या व्रताचे आजच्या बाजारातील रूप मानावे.

मुंबईतील सायकलमार्ग राहतील की जातील, टोरांटोच्या खटल्याचा अंतिम शेवट काय होईल, हे त्या त्या ठिकाणी ठरेल. जानेफळच्या रस्त्याची कडा मोकळी राहावी की नाही, हे मात्र दुकान उघडताना रोज सकाळी ठरत असते.