फाट्यावरचा वेग कोण ठरवतं?

वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, जवळा बाजार, कनेरगाव नाका. हिंगोली जिल्ह्यातल्या अशा ठिकाणी एकाच डांबरावरून लांब पल्ल्याचे ट्रक, हळदीच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, एसटी, ऑटो आणि शाळेची पोरं जातात. अपघात झाला की रास्ता रोको होतो, ग्रामसभेत गतिरोधकाचा ठराव होतो. ही मागणी तडीस जायची असेल, तर कोणतं काम कोणाच्या अखत्यारीत आहे ते आधी कळायला हवं.

पहिला प्रश्न रस्ता कोणाचा, हा. गावठाणातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायत सांभाळते. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. अकोला–हिंगोली–नांदेड हा 161 क्रमांकाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यावर साधा फलक लावायलाही महामार्ग यंत्रणेची संमती लागते.

दुसरा प्रश्न वेगाचा. केंद्राच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत मोटारीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर 70 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे वेगळा आदेश नसेल, तर गावातल्या रस्त्यालाही 70 लागू होते. त्या वेगात गाडी सेकंदाला 19 मीटर जाते. समोर मूल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तरी तेवढं अंतर ब्रेक लागण्याआधीच सरतं. ताशी 30 वर ते साधारण 8 मीटर असतं. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे 30 चीच शिफारस केली आहे.

मर्यादा खाली आणण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 मध्ये आहे. राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी अधिसूचना काढतो आणि कलम 116 नुसार फलक लावतो. दोन्ही गोष्टी लागतात. ग्रामपंचायतीने स्वतः रंगवलेल्या '20' च्या पाटीवर दंड करता येत नाही.

तिसरा प्रश्न गतिरोधकाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. तो ताशी सुमारे 25 च्या वेगासाठी आखलेला असतो आणि त्याच्या अलीकडे सूचनाफलक हवा. रातोरात टाकलेला अरुंद, उंच ढिगारा दुचाकीस्वाराला पाडतो, रुग्णवाहिकेलाही अडवतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा टाकत नाहीत. तिथे जोडरस्ता महामार्गाला मिळतो त्याच्या अलीकडे, जोडरस्त्यावर गतिरोधक मागणं योग्य.

पार्किंगची गाठही इथेच पडते. आठवडी बाजाराच्या दिवशी ऑटो आणि पिकअप कडेला उभे राहिले की पायी माणूस रस्त्याच्या मध्यावर येतो. कलम 117 नुसार वाहनं उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवल्या जातात. म्हणून ग्रामपंचायतीने आधी जागा सुचवावी, मग बंदी मागावी. औंढा नागनाथला श्रावणात आणि महाशिवरात्रीला होणाऱ्या गर्दीसाठी हा विचार आणखी आधीपासून व्हायला हवा.

दंडाचा अधिकार पोलीस आणि परिवहन विभागाचा. कलम 183 प्रमाणे हलक्या वाहनाला 1000 ते 2000, मध्यम आणि जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. 'गाडी जोरात होती' एवढ्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर दोष ठरत नाही, यंत्राने मोजलेला वेग लागतो. त्यामुळे गावाने स्पीडगनच्या तपासणीची वेळही मागावी: शाळा भरताना, सुटताना आणि बाजाराच्या दिवशी.

हे सारं एकत्र मांडायची जागा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. पोलीस, परिवहन आणि बांधकाम, तिन्ही खाती तिथे समोरासमोर असतात. ठरावासोबत रस्त्याचा क्रमांक, अपघातांच्या तारखा, ठिकाणाचा नकाशा आणि सुचवलेली पार्किंगची जागा जोडावी, पोच घ्यावी. वेगमर्यादा, गतिरोधक आणि पार्किंग या तीन मागण्या सुट्या गेल्या, तर प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं. त्या एकाच कागदावर, नेमक्या ठिकाणासह गेल्या, तर प्रत्येकाला आपल्या वाट्याचं उत्तर द्यावं लागेल. पुढच्या अपघाताची वाट न पाहता हा कागद येत्या ग्रामसभेतच तयार व्हावा.