ईसीयू ठरवायचा सगळ्यात शेवटी

टर्बोचं काम करणाऱ्या कुठल्याही गॅरेजात नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ईसीयू कुठला टाकू?" ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका गॅरेजात हे काम मी जवळून पाहिलं आणि माझं मत पक्कं झालं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. इंजिनाला काय लागतं, पेट्रोल कुठलं मिळणार, सेन्सर कोणकोणते बसणार आणि लॅपटॉपपुढे कोण बसणार, एवढं ठरलं की ईसीयू जवळजवळ आपोआप ठरतो. सुरुवात उलट्या टोकाने केली की पैसे जातात, आणि कधीकधी इंजिनही.

काम चाललं होतं ते एका ऑक्टाव्हिया आरएसवर. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला, तो ऑक्टाव्हियापासूनच. आरएसमध्ये 1781 सीसीचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन होतं. कंपनीचा आकडा 150 अश्वशक्ती. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमुळे हौशी मंडळींमध्ये या इंजिनाला आजही मान आहे. कनेक्टिंग रॉड मात्र नाजूक, म्हणून या गाडीत ते आधीच फोर्ज्ड बसवले होते. मूळचा छोटा टर्बो काढून त्या जागी गॅरेटच्या जीटी28 मालिकेतला यायचा होता. अपेक्षा तीनशे अश्वशक्तीच्या आसपासची, आणि पळवायची आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, त्यामुळे ही गाडी गॅरेजातून बाहेर पडते ती फ्लॅटबेडवर चढूनच.

गॅरेजातल्या ट्यूनरने कामाला सुरुवात केली ती कागद-पेन घेऊन. मधोमध रेघ मारली. डावीकडे इंजिनाकडून येणारी माहिती: क्रँक, कॅम, पेडलचे दोन सेन्सर, थ्रॉटलचे दोन, मॅनिफोल्डमधला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, दोन नॉक सेन्सर, लॅम्डा. त्याखाली त्याने स्वतःहून तीन ओळी वाढवल्या: पेट्रोलचा दाब, ऑइलचा दाब, इथेनॉलचं प्रमाण. उजवीकडे इंजिनाला जाणारे हुकूम: चार इंजेक्टर, चार कॉइल, थ्रॉटलची मोटर, वेस्टगेटचा सोलेनॉइड, पंप, फॅन.

या एका कागदाने बरेच पर्याय तिथल्या तिथे बाद केले. या गाडीच्या पेडलला केबल नाही. पेडल फक्त मागणी नोंदवतं आणि थ्रॉटल उघडते ती मोटर. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगावर चालणारा खुला प्रकल्प शिकण्यासाठी उत्तम आहे, पण तो अशी मोटर थेट चालवत नाही. केबलवाल्या जुन्या गाडीला मी तो आनंदाने सुचवेन, इथे नाही.

उरले तीन मार्ग. पहिला, कंपनीचाच ईसीयू ठेवून त्यातला मॅप नव्याने लिहिणे. या गाडीत बॉशचा एमई7.5 आहे आणि तो लेचापेचा नाही. थंडीत पहिल्या सेल्फला इंजिन सुरू होणं, एसी लावल्यावर आयडलिंग न ढासळणं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) अचूक ओळखून टायमिंग मागे घेणं, यावर कारखान्याच्या इंजिनिअरांनी वर्षं घातलेली असतात. मूळचाच टर्बो ठेवून थोडी ताकद वाढवायची असेल तर यापलीकडे जायची गरज नाही, असं मी कुणालाही सांगेन. मोठ्या टर्बोवरही एमई7 चालवणारे आहेत. मात्र मूळचा दाबाचा सेन्सर 250 केपीएपर्यंतच वाचतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवा सुमारे 95 केपीए. म्हणजे टर्बोने दीड बारच्या वर जरासा दाब दिला की ईसीयूला पुढचं दिसेनासं होतं. आणि दुसरं, पेट्रोल आणि ऑइल यांचा प्रत्यक्ष दाब त्याला कळतच नाही. ऑइलचा असतो तो नुसता स्विच, मीटरवरचा लाल दिवा लावणारा.

दुसरा मार्ग पिगीबॅकचा. सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक छोटी डबी बसते आणि खरा दाब असेल त्यापेक्षा कमी कळवते. ईसीयू बिचारा कमी दाब समजून आणखी मागतो. स्वस्त आणि तासाभराचं काम, म्हणून ते खपतंही खूप. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. एमई7 मध्ये सगळा हिशेब टॉर्कचा असतो: पाय किती दाबला यावरून किती टॉर्क हवा हे ठरतं, त्यावरून हवा किती, मग इंधन आणि स्पार्क. या साखळीतल्या हवेच्या कडीलाच खोटं सांगितलं तर पुढचं गणित कितीही बरोबर केलं तरी उत्तर चुकणारच. स्पार्कचं टायमिंग कमी दाबाचं आणि सिलिंडरमध्ये हवा जास्त दाबाची, यातून रिंगा आणि पिस्टन जातात.

तिसरा मार्ग स्टँडअलोन, म्हणजे संपूर्ण नवा ईसीयू. हा बाजार आता मोठा आहे. सिडनीच्या हॅल्टेक आणि मेलबर्नच्या मोटेक या कंपन्या गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकापासून यात आहेत, न्यूझीलंडची लिंक आहे, पोलंडची ईसीयूमास्टर आहे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणल्यापासून घरी बसून सोल्डरिंग करणाऱ्यांनाही वाट मिळाली. पण स्टँडअलोन बसवला की कारखान्याने फुकट दिलेलं बरंच काही हातचं जातं. मीटरचे काटे, एबीएस, एसी हे सगळे तारांवरून मूळ ईसीयूशी बोलत असतात, ते संभाषण नव्याने जुळवावं लागतं. इमोबिलायझर बाजूला पडतो, म्हणजे चोरीपासूनचं एक संरक्षण कमी होतं. हा सगळा खर्च आधी मांडूनच निर्णय घ्यायचा.

मग पेट्रोलचा विषय निघाला. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं इंधन येतं. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊच. मिश्रणाचा हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंजेक्टरने आठ-नऊ टक्के इंधन जास्त सोडायला हवं. पुण्यात शंभर ऑक्टेनचं एक्सपी100 मिळतं, पण दर वेळी टाकीत काय आणि किती भरलं जाईल याची हमी नसते. त्यामुळे इंधनाच्या नळीत इथेनॉल सेन्सर बसवायचा आणि त्याप्रमाणे इंधन, टायमिंग, बूस्ट आपोआप बदलणारा ईसीयू घ्यायचा, हे इथेच ठरलं.

आता पेट्रोलच्या दाबाचं. या इंजिनात इंधनाच्या रेलमधला दाब मॅनिफोल्डच्या दाबापेक्षा तीन बारने जास्त राहील असा रेग्युलेटर असतो. दीड बार बूस्ट असेल तेव्हा रेलमध्ये साडेचार बार हवा. पंप थकलेला असेल किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर नेमक्या त्याच क्षणी दाब घसरतो, इंजेक्टर उघडतो तेवढाच वेळ पण पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. आयडलिंगला हे कधीच दिसत नाही. दोन्ही दाब सतत ताडून फरक घसरल्याबरोबर बूस्ट कापणारा ईसीयू इंजिन वाचवतो. ऑइलचंही तसंच: ठरावीक आरपीएमला ठरावीक दाब नसेल तर इंजिन बंद. लाँच कंट्रोल आणि रंगीत स्क्रीन यांच्या जाहिराती मोठ्या असतात, पण मी ईसीयू तोलतो तो या रखवालीच्या कामावर.

निवड झाली ती मधल्या पट्टीतल्या एका स्टँडअलोनची. मोटेक आणखी बरंच करू शकतो, पण कागदावरच्या सगळ्या ओळी या ईसीयूत बसत होत्या, आणि त्यावर याच गॅरेजात अनेक गाड्या झाल्या होत्या. किंमत तरीही लाखाच्या पुढे. वायरिंगला कित्येक दिवस लागले. प्रत्येक टोक क्रिंप केलेलं, सेन्सरांचं ग्राउंड वेगळं, क्रँकच्या तारेला शील्ड, आणि पावसाळा ध्यानात धरून प्रत्येक कनेक्टरला रबरी सील.

पहिला सेल्फ मारला तो इंजेक्टरांचे कनेक्टर काढून. स्क्रीनवर क्रँक सेन्सरची लाट उमटली. क्रँकवरच्या दातेरी चाकाला साठ दात असायला हवेत, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दात सहा अंशांचा, आणि ती रिकामी जागा म्हणजे ईसीयूची खूण. हा सेन्सर चुंबकी असल्याने त्याच्या दोन तारा उलट लागल्या तर सेल्फला सगळं ठीक दिसतं आणि वरच्या आरपीएमला टायमिंग भरकटतं. ट्यूनरने लाट मोठी करून नीट पाहिली, मगच इंजेक्टर जोडायला सांगितले.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने टायमिंग दहा अंशांवर बांधून ठेवलं आणि मेस्त्रीच्या हातात टायमिंग लाइट दिला. "किती दिसतंय?" "चौदा." लॅपटॉप दहा म्हणत होता, पुलीवरची खूण चौदा दाखवत होती. ऑफसेट चार अंशांनी हलवला, पुन्हा पाहिलं, मग आरपीएम तीन हजारांवर नेऊन पाहिलं. खूण जागची हलली नाही. हे चार अंश तसेच राहिले असते तर पुढचा प्रत्येक आकडा चार अंश खोटा ठरला असता, आणि पूर्ण बूस्टला चार अंश म्हणजे फार मोठी गोष्ट. भारीतल्या भारी ईसीयूलाही हे स्वतःहून कळत नाही. ते पाहणारा माणूस लागतो.

डायनोवरही तोच संयम. आधी वेस्टगेटच्या स्प्रिंगइतकाच बूस्ट, लॅम्डा 0.78 ते 0.80, टायमिंग मागे. कानावर हेडफोन, त्यात ब्लॉकवर लावलेल्या सेन्सरचा आवाज. 81 मिलिमीटरच्या सिलिंडरात नॉकिंग सात किलोहर्ट्झच्या आसपास वाजतं, म्हणून नॉकिंगचा फिल्टरही तिथेच लावलेला. दोन अंश टायमिंग वाढवायचं, लॉग वाचायचा, टॉर्क वाढला नाही तर परत खाली यायचं. टॉर्क वाढत नसताना पुढे रेटलेलं टायमिंग फक्त बेअरिंगांवर भार टाकतं.

म्हणून ज्यांना असं काम करायचंय त्यांना माझं सांगणं आहे. आधी तो दोन रकान्यांचा कागद करा. मग आपल्या आवाक्यातल्या अंतरावर कोणत्या ईसीयूवर खरोखर हात बसलेला माणूस आहे ते शोधा, आणि त्याने केलेल्या एखाद्या गाडीचा लॉग बघायला मागा. सेन्सर, वायरिंग, पंप आणि डायनोचे पैसे बाजूला काढा, उरतील त्यात ईसीयू बसवा. आणि काम संपल्यावर मॅपची फाइल व तिचा पासवर्ड मालकाच्याच ताब्यात राहील, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच ठरवून घ्या. उद्या तो ट्यूनर गाव सोडून गेला तरी गाडीचं काम अडता कामा नये.